सोळा पानं मागेपुढे

१२ जून

चि. बेबीस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नव्या किटलीचं नाव आठवा हेन्री ठेवलंस, हे सूनबाईला हाक मारून वाचायला लावलं. पोट मोठं, तोंड लहान आणि तापायला वेळ नको, म्हणजे दुसरं नाव शोभलंच नसतं. झाकण सैल आहे म्हणून कुरकुरही केलीसच.

आता माझी खरेदी ऐक. टेबलावरचा दिवा, जुन्याच्या दुप्पट उजेडाचा. त्याचं नाव आल्फ्रेड. मोठ्या नेढ्याच्या सुया. मूठवालं भिंग, त्याला राजा तू सुचव. आणि काळा दोरा, कारण पांढरा हल्ली चांगला मिळत नाही.

ज्यातून ही राजांची नावं काढतो तो, शाळेत असताना आपण रद्दीतून उचललेला इंग्लंडचा इतिहास तुझ्यासाठी पार उसवून पुन्हा शिवतोय. तुझ्या हाताखाली त्याची पाठ खिळखिळी झाली होती. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा, असे बेचाळीस फर्मे आहेत. चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय, अजून एक फर्मा इकडचा तिकडे झालेला नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी सुई खाली ठेवीन, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय.

अक्षर मोठं आलंय, तो नव्या पेनाचा दोष. टेलिफोनच्या बोर्डावर जन्म घालवून तुला फोनचा वीट आलाय हे एका परीने बरंच आहे, पत्रं तरी येतात.

जमतील तितकी पाठव. त्यावरच दिवस बरे जातात.

तुझा,
दादा

३० जून

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. दादाच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

पुस्तक आलं. बांधणी अशी देखणी की हातातून खाली ठेववेना. आठव्या हेन्रीपर्यंत सगळं सुरळीत. पुढे अ‍ॅन बोलिनशी त्याचं लग्न ठरता ठरता एकदम तिच्यावर खटलाच सुरू झाला. म्हटलं, आपल्याला डुलकी लागली असेल. बिचारीचं मुंडकं उडालं, मी पान उलटलं, तर बाई डोक्यावर मुकुट घालून मिरवत निघालेली! पानांचे आकडे पाहिले. दोन फर्मे मागेपुढे लागलेत.

आधी मला हसू आलं. मग त्याचं पत्र काढून पुन्हा वाचलं. दिवा, भिंग, मोठं नेढं, काळा दोरा, मोठं अक्षर. मी किटलीवर विनोद करत बसले आणि त्याला दिसेनासं होतंय हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. फार वाईट वाटलं गं.

चूक कळली तर तो खरंच सुई खाली ठेवेल. शब्दाचा पक्का आहे मेला. आणि सुई गेली तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय? म्हणून त्याला कळवलंय की पुस्तक अगदी बिनचूक आहे, चार दिवसांत वाचून काढलं.

डॉक्टरकडे जा म्हटलं तर तो हलणार नाही. म्हणून असंही लिहिलंय की मला डोळे तपासून घ्यायची भीती वाटते, तू आधी जाऊन ये, मग मी जाईन. लहानपणी माझा दात काढायचा होता तेव्हा स्वतःचा दुखत नसताना तो आधी खुर्चीत जाऊन बसला होता. तू फक्त मागून रेटा दे.

तुम्हा सगळ्यांची काळजी वाहणारी,
बेबीआत्या

१६ जुलै

ती. बेबीआत्यांस, सा. न. वि. वि.

तुमची मात्रा लागू पडली. बाबा आपणहून निघाले. म्हणाले, बेबी भित्री आहे, तिला धीर द्यायचा तर आधी आपण जायला हवं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा चांगलाच पिकलाय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. घरी येऊन त्यांनी टेबल आवरलं, सुया डबीत भरल्या. मी विचारलं तर म्हणाले, नजर परत आली नाही तरी हरकत नाही; शेवटचं पुस्तक बेबीचं झालं आणि ते बिनचूक झालं, एवढं पुरे. मला तिथे उभं राहवेना, मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पंचवीस तारीख ठरली आहे. झालं की लगेच कळवते. तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.

आपली,
सूनबाई

२० ऑगस्ट

चि. बेबीस, अ. उ. आ.

अक्षर बघ, मुंगीएवढं! उजव्या डोळ्याने आता खिडकीतून समोरच्या शिंप्याची पाटी वाचतो. आपल्या बैठकीच्या खोलीचे पडदे निळे आहेत, मी वर्षभर राखाडी समजत होतो. नवी खरेदी चष्मा. नाव एलिझाबेथ, कारण एवढ्या गोंधळानंतर राज्याची घडी तिनेच बसवली. मी जाऊन आलो, आता तुझी पाळी. सबबी चालणार नाहीत.

दुसरी गोष्ट. पट्टी बांधून पडलो होतो तेव्हा पुस्तक बिनचूक आहे म्हणणारं तुझं ते पत्र डोक्यात घोळत राहिलं. तुला किटली आवडली तरी झाकणाला नावं ठेवलीस. माझ्या लग्नात तू नवऱ्याच्या कोटाची बाही आखूड म्हणाली होतीस, आणि नवरा मीच होतो. तू कधी कशाला बिनचूक म्हटलेलं मला आठवत नाही. पुस्तक पाठवून दे. काय असेल ते मला बघू दे.

तुझ्या थापांसकट तुझ्यावर माया करणारा,
दादा

२९ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

पुस्तक सोबत आहे. दोन फर्मे मागेपुढे झालेत. मी खोटं बोलले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. ज्याला दोरा दिसत नव्हता त्याने तरीही एवढं देखणं पुस्तक शिवलं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. सुई खाली ठेवलीस तर माझ्या पत्रांची वाट पाहू नकोस.

डोळे तपासून आले. मलाही नंबर निघाला, चष्मा घ्यावा लागला. दुसऱ्यासाठी खड्डा खणायला गेले आणि आपणच पडले.

एक मागणं आहे. पन्नास वर्षं मी ते पुस्तक वाचतेय आणि अ‍ॅनचं मुंडकं उडतं त्या पानाशी दर वेळी छातीत धस्स होतं. या वेळी पान उलटलं आणि ती मुकुट घालून निघाली. इतिहास म्हणून चूक, ठाऊक आहे. पण मला फार बरं वाटलं रे. तुझा धंदा तुला ठाऊक, मी आग्रह करत नाही.

रागावलास तरी पत्राने रागव.

तुझीच,
बेबी

१० सप्टेंबर

चि. बेबीस, अ. उ. आ.

पुस्तक उसवलं. कारागीर म्हणून लाज वाटायची ती वाटलीच. शब्द दिला होता म्हणून सुई खाली ठेवली. सकाळपासून दुपारच्या चहापर्यंत ठेवली. चहा झाल्यावर उचलली. तुझी पत्रं बंद होणं मला परवडणारं नाही.

काळा दोरा काढून टाकला. पांढरा घेतला, बारीक नेढ्याची सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात ओवली. सूनबाईला बोलावून दाखवली. भिंग नातीला देऊन टाकलं, तेव्हा राजा शोधायचे तुझे कष्ट वाचले.

बेचाळीस फर्मे आकडे बघून लावले. चाळीस जागच्या जागी आहेत. राणीचे दोन मात्र तुला हवे तसे. चाळीस वर्षांत उघड्या डोळ्यांनी केलेली ही पहिली चूक आहे, कुणाला दाखवू नकोस.

किटली तापली की आठवण काढ.

तुझा,
दादा