आमटीतलं मीठ

कोल्हापूर,
डिसेंबर १९९८

पाळकसाहेबांना सलाम.

नाताळच्या उपासनेत मी साक्ष द्यावी, सेवेत आनंद कसा गावला ते मंडळीला सांगावं, असं तुम्ही परवा घरी येऊन बोलला. तुमच्यासमोर मान हलवली, पण मला जमणार न्हाय.

आनंदासाठी कोण गेलतं? माझा ल्योक शमुवेल सरकारी दवाखान्यात वारला, त्याला दोन वर्षं झाली. रविवारी चर्चमधनं आलं की घरात एकटीला घास गिळवत नव्हता. म्हणून आमटी-भाकरी घेऊन त्याच्याच वॉर्डाबाहेर जाऊन बसाय लागले. पेशंटची माणसं जेवायची, हात जोडायची. मला काय बी वाटायचं न्हाय. तुम्ही 'धन्य बाई' म्हणायचा, तवा तर रागच यायचा.

गेल्या रविवारी आजऱ्याकडचा एक तरणा गडी जेवाय बसला. त्याचा बाप आत ॲडमिट हाय. पहिल्याच घासाला ओरडला, "मावशे, मीठ कुठं हाय ह्यात?" शमुवेल अस्साच ओरडायचा, ताट पुढं ढकलून. मला हसू आलं, साहेब. तो गेल्यापासनं पहिल्यांदा. मग जिन्यात बसून पोटभर रडले.

हे मंडळीसमोर उभं राहून कसं सांगू? तुम्हाला लिहिलं, तेबी धाडायचा धीर न्हाय. बायबलातच ठेवते.

तो गडी बापाला घेऊन काल गावाकडं गेला. तरी येत्या रविवारी आमटीत मीठ कमीच घालणार हाय. ओरडंल की कोणतरी.

तुमच्या मंडळीतली,
सुगंधा आवळे