रतनजोतीचे बेचाळीस फ्लास्क

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
वनस्पती पेशी संवर्धन केंद्र,
फरीदाबाद.

विषय: रतनजोतीच्या पेशींचे बेचाळीस फ्लास्क ‘निष्क्रिय’ ठरवून येत्या शुक्रवारी नष्ट न करण्याबाबत.

संदर्भ: १) जागा मोकळी करण्याचा आपला आदेश, दि. ३ जानेवारी. २) माझे हिंदीतील दोन अर्ज, दोन्ही ‘प्रगती शून्य’ शेऱ्यानिशी परत.

महोदय,

आपण साताऱ्याकडचे, असे कळले. म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत करण्याचे धाडस करते.

१. फ्लास्कमधील पेशींचे वजन वाढलेले नाही, हे मान्य. ते वाढणारच नाही. साखर आणि नत्र पोटभर मिळाले की या पेशी अंग धरतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार; रंग धरत नाहीत. मग त्यांना अमोनिया नसलेल्या दुसऱ्या द्रावणात, अंधारात ठेवावे लागते. वाढ थांबते, आणि ज्या मालातून अंग घडत होते त्यातूनच रतनजोतीच्या मुळात असतो तो लाल रंग उतरू लागतो. भाजलेल्या कातडीच्या मलमासाठी केंद्राला तोच हवा आहे. पाळणा हलवताना बाईला दळता येत नाही, तसेच हे.

२. तपासणीस त्यागीजी फ्लास्क हलवून म्हणाले, “मॅडम, ये तो सो रहे हैं. हमें भी ऐसी नौकरी दिलवा दो.” मी हसले. हसायला नको होते. त्यांनी ‘निष्क्रिय’ लिहिले.

३. पहिल्या शेऱ्यानंतर घाबरून मी आणखी चार फ्लास्क पोटभर अन्नावर घेतले. वजन तिप्पट झाले, लाली विरून गेली. त्या पांढऱ्या चोथ्याला ‘उत्कृष्ट प्रगती’ मिळाली. त्याचा उपयोग कशालाच नाही.

४. कॅमेऱ्याला दिसावे म्हणून खोलीत चोवीस तास दिवा आहे. उजेडात रंग धरत नाही, म्हणून मी काळा कागद गुंडाळला. ‘माल लपवला’ अशी नोटीस आली. कागद अजून काढलेला नाही, ही कबुली.

५. मूळ झाड केव्हाच वाळले. केंद्रातून निवृत्त झालेल्या सुखदाताईंनी नऊ वर्षे दर पंधरवड्याला नव्या द्रावणात घालून जपलेला हा एकच वंश. तो दुसरीकडून मागवता येत नाही.

तरी तीन आठवड्यांची मुदत मिळावी आणि वजनाऐवजी रंग मोजावा. ते शक्य नसल्यास दहा फ्लास्क ठेवावेत. दहा नाहीत, तर एक. तो मी जिन्याखाली ठेवीन. पेशींना हवा मिळावी म्हणून फ्लास्क हलवत ठेवणारे यंत्रही मागत नाही. हाताने हलवीन, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तेही नामंजूर असल्यास एवढेच: शुक्रवारी फ्लास्क वाफेत मारण्याच्या यंत्रावर पाळी माझी आहे. त्या दिवसापुरते कृपया दुसऱ्या कोणाला नेमावे.

आपल्या शब्दाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
क्षिप्रा देवधर
तांत्रिक साहाय्यक
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत: वजनांचे तक्ते, तीन पाने.