लॉकेटमधल्या बसक्या नाकाचा खुलासा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, गृहिणी, कोणी न सांगता-शिकवता, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते.

१. राहते घर मुलगा आणि सूनबाई, दोघांच्या नावे. बँकेतली ठेवही त्यांचीच. भिंतीचा ओलावा आधी काढावा, रंग मग.

२. शिलाई मशीन शेजारणीला. वीस वर्षांपूर्वी नेलेली कात्री तिच्याकडेच आहे, जोडी जमेल.

३. सासूबाईंचे लॉकेट सूनबाईला. त्यात हस्तिदंताच्या नखाएवढ्या तुकड्यावर सासूबाईंच्या आईचा चेहरा रंगवलेला होता. 'होता' असेच लिहिते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काच धुरकटली म्हणून मी ते उघडून साबणाने धुतले. चेहरा फडक्यावर आला. घाबरून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे धावले. तो म्हणाला, "चेहरा कसा काढू?" मी म्हटले, "सोज्वळ काढा." त्याने समोर भाजी निवडत बसलेल्या बायकोचा काढला.

नखाएवढ्यात कोणाला कळले नाही. पण सूनबाई छापचित्रे करते. तिने तो चेहरा हातभर मोठा केला, भोवती मोत्यांची महिरप काढली आणि घरोघरी एकेक छाप दिला. माझी नणंद भर पंगतीत कडाडली, "माझ्या आजीचं नाक चाफेकळी होतं! हिने बसकं केलं!"

"आत्या, मी फक्त मोठं केलंय."

"मोठं करताना वाट लावलीस!"

मी ताक वाढत राहिले. तेव्हापासून दोन वर्षे सूनबाईचे छापयंत्र चादरीखाली आहे. देवापुढे रोज कबुली देते. पण देव ऐकून घेतो, साक्षीला येत नाही. म्हणून लिहिते: नाक मी घालवले. सूनबाईने रेघही बदललेली नाही. हे माझ्यामागे कळून काय उपयोग? सही करण्याआधी साक्षीदारांना वाचून दाखवीन. एवढे लिहिले तरी छाती मोकळी झाली.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक ९ मार्च.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिली, डॉक्टरीणबाई: लिहिणारी पूर्ण शुद्धीवर. रक्तदाब कधी नव्हे तो उत्तम. (सही)

साक्षीदार दुसरी, नणंद: ऐकले. म्हणजे इतकी वर्षे मी लॉकेटमधल्या पाटीवाल्याच्या बायकोला नमस्कार घालत होते! वहिनी, तुझ्याशी नंतर बोलते. सूनबाई, माझे चुकले. उद्याच चादर काढ. मी रागाने परत पाठवलेला छाप मला पुन्हा हवा. बाई गोड आहे. (सही)