सिनेमातल्या बापाची माफी

बाबा,

परवा खामगावात लेकीबरोबर सिनेमा पाहिला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायचंय, कारण सिनेमाभर मी तुमच्याशीच भांडत होते. गोष्ट एका बापाची. पोरीला जन्मभर टाकून बोललेला बाप म्हातारपणी एसटीनं तिच्या गावी जातो, टोपी काढून दारात उभा राहतो आणि म्हणतो, चुकलो. पोरगी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते आणि तेवढ्यात बासरी सुरू होते. म्हातारा आजारी दाखवलाय, पण धोतर कडक इस्त्रीचं. आजारी माणसाच्या खोलीला वास असतो, हे त्या दिग्दर्शकाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. नटानं काम मात्र चांगलं केलंय. आख्खं थिएटर नाक ओढत होतं. माझे डोळे कोरडे ठाक. मला राग आला होता, आणि तो बापापेक्षा त्या पोरीचाच जास्त. इतक्या लवकर सोडलं म्हणून.

तुम्ही जिनिंगच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर कापूस पाहायचात. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि एका शब्दात प्रत सांगायची. सांगितली की संपलं. शेतकरी मागे लागायचे, "साहेब, खालचा माल पाहा ना जी, वरचाच तेवढा खराब हाये." तुम्ही कानामागे हात धरायचात. "काय म्हनलं? आयकू नाही आलं." तीनदा विनवलं तरी तेच. तुम्हाला ऐकू आलंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं. शब्द फिरवला तर उद्या या हाताला कोण विचारेल, असं तुम्ही घरी सांगायचात. तुमचा डबा घेऊन आलेली मी तिथंच उभी राहून हसायचे. मला त्यात मोठी ऐट वाटायची.

मग पिंपळगाव राजाचे पाहुणे मला पाहायला आले. तुम्ही नुकतेच कामावरून आलेले, भुवयांना अजून कापूस चिकटलेला. मी पोह्यांच्या बशा घेऊन येते, आणि मुलाची आत्या तुम्हाला विचारते, "पोरगी कशी हाये जी? तुमीच सांगा." तुम्ही मला वरून खालपर्यंत पाहता, गाडी पाहायचात तसं, आणि म्हणता, "खरं सांगू? कवडी हाये. कामाले चालते." कवडी म्हणजे किडीनं खाल्लेला, पिवळा पडलेला कापूस. वेचतानासुद्धा तो वेगळ्या फडक्यात टाकतात. सगळे खो खो हसले, आणि त्या हसण्यातच सोयरीक जमली. सासरी वर्षभर मला त्याच नावानं हाक होती. पाहुणे गेल्यावर मी चुलीपाशी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, असं काऊन म्हटलं तुमी मले?" तुम्ही कानामागे हात धरलात आणि भाकरी मागितलीत.

पुढे अर्धांगवायूनं तुमचा उजवा हात गेला. आई आधीच गेलेली, म्हणून मी तुम्हाला माझ्याकडे आणलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, लेक असावी तर अशी. तुमचं हगणंमुतणं काढण्यात मी कसूर केली नाही, ते खरंच आहे. पण एका दुपारी मी तुमची उसवलेली उशी शिवत होते. तिच्यातला कापूस ओढून मी तुमच्या त्या मेलेल्या हातात ठेवला, एकेक बोट मिटवलं आणि म्हटलं, "सांगा, कोन्ती प्रत?" तुम्ही अंगठा हलवायला पाहत होतात. हलला नाही. मला बरं वाटलं, बाबा. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

तेव्हा वाकड्या तोंडानं तुम्ही काहीतरी म्हणालात. मी कानामागे हात धरला. "काय म्हनलं? आयकू नाही आलं." तुम्ही पुन्हा म्हणालात, जोर लावून, लाळ गळत होती. मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले आणि तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. दहाव्या दिवशी गेलात.

कवडीची गोष्ट लेकीला ठाऊक आहे. परवा थिएटरबाहेर तिनं डोळे पुसत विचारलं, "आई, आजोबानं मांगली का वं कधी तुले माफी?" मी म्हटलं, "त्याईनं? ते शब्द फिरवनारे नव्हते." तिनं माझा हात घट्ट धरला. तिच्या लेखी तुम्ही आता कायमचे तसेच, आणि मी बिचारी. रस्ताभर मी तिला तो हात धरू दिला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि लेकीच्या हाती तर लागू द्यायचंच नाही. ती उशी अजून माझ्या डोक्याखाली असते, तिच्यात शिवून टाकेन. "माह्यं चुकलं, पोरी," असं म्हणाला होतात तुम्ही. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.