घोडकाठच्या राखेतलं मूल

प्रति,
मा. संचालक साहेब,
सह्यगिरी भूविज्ञान संशोधन मंदिर,
पुणे.

अर्जदार : सौ. झुंबरबाई चिमाजी लोहकरे, धंदा शेती व मजुरी, राहणार तळेघरच्या वरची वाडी, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : आपल्या संस्थेत काचेखाली ठेवलेले मूल अर्जदाराचे आहे, हे म्हणणे मागे घेण्याबाबत व त्या मुलाच्या वयाची तपासणी न करण्याबाबत.

संदर्भ : 'सदर बालक अर्जदाराचे अपत्य असणे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे' असे कळविणारे आपल्या संस्थेचे पत्र.

महोदय,

अर्जदार बाई निरक्षर असून तिच्या सांगण्यावरून, दोन्ही हात जोडून, हा अर्ज सादर करण्यात येतो, तो येणेप्रमाणे :

१. अर्जदाराच्या घरी भाताची दोन खाचरे व नाचणीचा माळ आहे. भात झोडून झाले की हाताला काम राहत नाही. म्हणून दरसाल पौषात नवरा चिमाजी व अर्जदार मुलाबाळांसह डोंगर उतरतात आणि घोडेगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठी, गेणभाऊ नावाच्या बागाईतदाराकडे कांद्याच्या लागणीला राहतात. तीन वर्षांमागे अशाच हंगामात अर्जदाराच्या पदरी दोन मुली होत्या. थोरली नूतन, धाकटी भागू, ती अजून अंगावर पीत होती. दोघींच्याही डाव्या हाताला सहा बोटे. नूतनच्या वेळी सासूने 'लक्ष्मी जास्तीचं बोट घिऊन आली' म्हणत साखर वाटली. भागूच्या वेळी तिने तोंड फिरवले.

२. त्या हंगामात भागूला हगवण लागली. गेणभाऊंनी बैलगाडी जुंपून दिली. पण दवाखाना यायच्या आधी रस्त्यातच पोर अर्जदाराच्या मांडीवर गार पडली. गाडी तशीच मागे वळवली. नदीच्या दरडीत पांढरी, पिठासारखी मऊ माती आहे. चिमाजीने खुरप्याने तिथेच खड्डा केला. मुरमाची जमीन पोरीला टोचेल, असे तो म्हणाला. कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर चपटा दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघेही वाफ्यात उभे राहिले. जन्माची नोंद झालेली नव्हती, मरणाची कोण करणार? पुढे दर पौषात अर्जदार त्या दरडीपाशी जाऊन भाकरीचा तुकडा ठेवून येई.

३. गेल्या साली उन्हाळ्यात आपल्या संस्थेचे डॉ. सबनीस साहेब विद्यार्थ्यांसह त्या दरडीवर आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती पांढरी माती ही माती नसून, समुद्रापलीकडे सुमात्रा बेटावर ज्वालामुखी फुटला त्या वेळी वाऱ्याबरोबर आलेली राख आहे आणि तिला पंच्याहत्तर हजार वर्षे झाली. हे खोटे आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. साहेब शिकलेले आहेत, राख असेल तेवढी जुनी. त्या राखेत साहेबांना मूल सापडले. वर दगड होता, म्हणून आदिमानवाचा दफनविधी ठरला. हाताला सहा बोटे होती, म्हणून माणसाची वेगळी शाखा ठरली. राखेत होते, म्हणून ते राखेच्या वयाचे झाले. दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रात फोटो आला.

४. यंदा पौषात अर्जदार खाली उतरली ती आधी दरडीकडे गेली. दरड वाफा पाडावा तशी चौकोनी कापलेली आणि भोवती तार. गेणभाऊंनी घरातून जपून ठेवलेले वर्तमानपत्र आणले. "झुंबरबाई, तुमच्या भागूला पेपरात आणलंय बगा," असे ते म्हणाले. आपण काय बोलून गेलो ते ध्यानात आल्यावर डोक्याची टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

५. नूतनला बरोबर घेऊन अर्जदार पुण्यास आपल्या संस्थेत आली. डॉक्टर साहेबांनी खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण ती राख किती जुनी आहे, तुम्हाला कल्पना नाही." अर्जदार म्हणाली, "राख कदीची का आसंना, साहेब. चुलीतल्या राखंत रताळं पुरलं तर रताळं काय राखंच्या वयाचं व्हतं का? पोर माजी हाय." आणि खात्री पटावी म्हणून तिने नूतनचा डावा हात टेबलावर ठेवला.

ही तिची चूक झाली. हात पाहताच साहेब उठून उभे राहिले. त्यांनी आणखी दोघांना बोलावले. नूतनचे डोके मोजले, जबडा मोजला, बोटांचे फोटो काढले, दंडातून रक्त घेतले. पोरगी सुईला रडली तेव्हा तिला बिस्किटांचा पुडा दिला. साहेब आनंदाने अर्जदाराला म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हाला केवढी मदत केलीत, तुम्हाला माहीत नाही." पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात आले की, पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या बालकाचे वंशज तळेघरच्या डोंगरात आजही हयात आहेत. अशा प्रकारे अर्जदार जी आई म्हणून पुण्यास गेली, ती स्वतःच्या पोरीची पणती होऊन वाडीवर परत आली.

पुण्यातच, मोजमापे झाल्यावर, तिला वंशज म्हणून मूल दाखविण्यात आले होते. काचेखाली, निळ्या कापडावर. भागूला झोपताना मूठ तोंडाशी घ्यायची सवय होती. मूठ तोंडाशीच होती. अर्जदाराने काचेवर हात ठेवला. शिपायाने तो बाजूला केला आणि काच पुसून घेतली.

६. त्यानंतर वाडीवर पाहुणे येऊ लागले. कुणी डोकी मोजतो, कुणी फोटो काढतो. शाळेत पोरे नूतनला 'माकडीण' म्हणतात. ती आता डावा हात झग्याच्या आत धरून जेवते. सासू म्हणाली, "मेलेलं उकरून घरात आनलंस." तरीही अर्जदार आलेल्या प्रत्येकाला सांगत राहिली की पोर आपली आहे, आपल्या हाताने पुरली आहे. एका वर्तमानपत्रवाल्याने ते तसेच्या तसे छापले. त्यावरून पोलीस आले.

हवालदार म्हणाले, "पोर मेली तर नोंद कुठाय? डाक्टरला दावली व्हती का? दुसरीबी मुलगीच ना? मंग पुरली का मारून पुरली, ते सांग." चिमाजीला ठाण्यात नेले. तो परत आला तेव्हा एका कानाने त्याला ऐकू येत नव्हते. 'आम्हास भागू नावाची मुलगी कधीही झालेली नाही' अशा जबाबावर त्याने अंगठा दिला होता. तो अर्जदाराला म्हणाला, "न्हाई म्हन, घरी सोडतो, म्हनलं. म्या न्हाई म्हनलो." तेव्हापासून तो घरात जेवत नाही. भाकरी हातावर घेऊन गोठ्यात जातो. अर्जदाराने त्याला एका शब्दानेही विचारलेले नाही. पाटाच्या पाण्यात तोंड धुताना मात्र तिने त्याला 'भागू, भागू' असे हळूच म्हणताना ऐकले आहे.

७. आता असे कळते की, परदेशी विद्वानांनी शंका घेतल्यामुळे आपली संस्था मुलाचे हाड वयाच्या तपासणीसाठी बाहेरदेशी पाठविणार आहे. तपासणीसाठी हाड दळून पीठ करावे लागते, असे आपल्या कचेरीतील एका भल्या माणसाने सांगितले. हवालदारांनीही निरोप धाडला आहे : मूल जुने निघाले तर प्रकरण मिटले, हल्लीचे निघाले तर खुनाचा गुन्हा, वर खोटा जबाब, आणि नवराबायको दोघेही आत.

८. सबब अर्जदार आपले आजवरचे म्हणणे मागे घेत आहे. सदर मूल तिचे नाही. ते राखेच्या वयाचे आहे. दगड आदिमानवाने ठेवला. हे वाक्य लिहिण्यापूर्वी अर्ज लिहिणाऱ्याने तिला दोनदा विचारले. ती म्हणाली, "लिवा भाऊ. आई व्हऊन मी तिला काय दिलं? दवाखानाबी न्हाई दिला. पणती व्हते. निदान तिला दळत्याल तरी न्हाई."

तरी विनंती की, मुलाची तपासणी करू नये, ते जुनेच राहू द्यावे. तपासणीला हाड पाहिजेच असेल, तर अर्जदाराच्या हाताचे घ्यावे; वंश एकच आहे असे आपण स्वतः छापले आहे, तेव्हा फरक पडू नये. कोणत्या हाताचे, ते आपण ठरवावे. लागणीच्या दिवसांत उजवा हात लागतो, एवढेच कळवून ठेवते. तसेच वंशज या नात्याने वर्षातून एकदा, कांद्याची लागण आटोपल्यावर, तिला काचेपाशी उभे राहू द्यावे. ती काचेला हात लावणार नाही, रडणार नाही, आणि कुणी विचारलेच तर आपण सांगाल तेवढी वर्षे सांगेल.

आपल्या हुकमाची वाट पाहत असलेली,

सौ. झुंबरबाई चिमाजी लोहकरे
(निशाणी, डाव्या हाताचा अंगठा)

घोडेगाव, दिनांक १२ मार्च २००१

अर्ज लिहिणार : प्रबुद्ध भालेराव, कचेरीसमोर, घोडेगाव. अर्ज अर्जदारास वाचून दाखविला. 'तिचे नाही' या ठिकाणी तिने थांबविले, पुन्हा वाचावयास सांगितले, व कबूल केले.

सोबत : वर्तमानपत्रांची कात्रणे; चिमाजी लोहकरे यांच्या जबाबाची नक्कल.

संस्थेचा शेरा : नमुना मागील आठवड्यातच रवाना झाला आहे. मागणी गैरलागू. अर्जदाराने दावा स्वखुशीने मागे घेतल्याचा भाग तेवढा टंकलिखित करून पोलिसांकडे व वर्तमानपत्रांकडे पाठवावा. बाकी अर्ज दप्तरी दाखल. अर्जदारास कळविण्याची आवश्यकता नाही.