पंचवीस मापं वाटेत आहेत

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.

ठरलं. मोठ्या कंपन्यांची मेल, नकाशा, चॅट, फोटो, सगळं सोडायचं. महिनाअखेर मी मोकळा माणूस.

तात्कालिक कारण: काल ताईच्या शिवणाच्या दुकानात मी सहज म्हटलं की कपाळ जरा मोठं झाल्यासारखं वाटतंय. फोन खिशात होता. आज उठतो तर फोनवर केस उगवायच्या तेलाची जाहिरात. म्हणजे खिशातून ऐकतात! हे काज-बटण करणाऱ्या काकूंना सांगितलं. म्हणाल्या, अरे फोनला ऐकायची काय गरज, अख्ख्या गल्लीला दिसतंय. बाईंना विषयाचं गांभीर्य नाही.

ही रोजनिशी कागदावर. कागद ऐकत नाही.

४ मार्च.

पुढे मन डळमळायला नको म्हणून कारणं नीट लिहून ठेवतो.

कारण १. पाळत.

कारण २. चपलांच्या दुकानासमोर सावलीला उभा राहिलो, तर संध्याकाळी विचारतात, दुकान कसं वाटलं, किती स्टार द्याल.

कारण ३. ‘पाच वर्षांपूर्वी याच दिवशी’ म्हणून फोटो दाखवतात. काल मी आणि गिटार. त्याआधी मी आणि फ्रिज-दुरुस्ती कोर्सचं ओळखपत्र. त्याआधी मी आणि डोंगरवाटांचा गाइड व्हायला घेतलेले बूट. गिटार चांगली तीन आठवडे चालली होती, पण ते फोटोत दिसत नाही. माणसाचं मागचं उकरून काढायचा यांना कुणी अधिकार दिला?

दुपारी ४. हे सगळं सोडायचं कसं, यावर अकरा व्हिडिओ बघितले. त्यांच्याच साइटवर. काट्याने काटा काढायचा. अकराव्यात एक माणूस एकटा होडी बांधतो. फार सुंदर. बारा महिने लागतात. लाकूड कुठलं ते लिहून घेतलंय.

६ मार्च, गुरुवार.

नकाशा उडवला. पहिली मोठी पायरी.

ताईने बटणं आणायला पाठवलं होतं. पांढरी, चार छिद्रांची, घाऊक बाजारातून. ताईला मोठं काम मिळालंय: नर्सिंग शाळेतल्या बेचाळीस पोरींचे गणवेश. पंचवीसला त्यांचा शपथविधी, चोवीसला सकाळी गणवेश पोचले पाहिजेत. हे नीट झालं तर दरवर्षीचं काम तुमचं, असं मेट्रन बाईंनी कबूल केलंय. त्यासाठी ताईने या महिन्याची बाकी सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. मीही शक्य ती मदत करतो. दोन दिवसांसाठी म्हणून ताईकडे आलो, त्याला आता चार महिने होतील, पण कुणाला ओझं वाटू दिलेलं नाही.

तर विचारत विचारत निघालो. पूर्वी माणसं अशीच जायची. पाण्याच्या पंपांच्या गोडाऊनपर्यंत पोचलो. तिथला वॉचमन पूर्वी जहाजावर होता. होडीच्या लाकडाबद्दल त्याचं मत वेगळं आहे. संध्याकाळी परत. ताईला म्हटलं, नकाशा नसला की किती नवी माणसं भेटतात. ताई म्हणाली, बटणं भेटली का?

उद्या जाईन.

९ मार्च, रविवार. दुपारी ३.

आजचा दिवस सोन्याचा. फक्त स्वतःला सोडवून काय उपयोग? आज ताईलाही सोडवलं.

झालं असं. ताईचा फोन भरला होता. म्हणाली, जरा जागा करून दे, तुला यातलं कळतं. (हे तिचे शब्द आहेत.) बघतो तर बेचाळीस रेकॉर्डिंग. ताईची पद्धत अशी की माप घेताना दोन्ही हात टेपमध्ये अडकलेले, तोंडात टाचण्या, मग लिहिणार कोण? म्हणून शेजारी फोन ठेवून आकडे बोलत जायचं आणि चॅटवर स्वतःलाच पाठवून द्यायचं. बेचाळीस पोरींची छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, सगळं परक्या कंपनीच्या ताब्यात! अंगावर काटा आला.

भाऊजींच्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला, इस्त्रीच्या टेबलाखाली बसवला आणि रेकॉर्डिंगं त्यावर उतरवायला लावली. वेळ लागतो म्हणून पाय मोकळे करायला बाहेर पडलो. समोरच्या बिल्डिंगमध्ये पियानो दोरखंडाने तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. दीड तास बघितलं. दोन गाठी शिकलो.

परत आलो तर कॉम्प्युटर चालू, दिवा हिरवा. म्हणजे झालं. लगेच ताईचं चॅटचं अकाउंट कायमचं बंद केलं. दोनदा विचारलं, नक्की का? दोनदा होय. परतीचे दोर कापल्याशिवाय किल्ला जिंकता येत नाही.

१० मार्च.

ताई खूश. फोन कसा शांत आहे, म्हणाली. आता ती कटिंगच्या टेबलाशी उभी राहून नंबर सांगते, मी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावतो, आकडे दुकानभर घुमतात. काकू म्हणाल्या, रेल्वे स्टेशन केलंत. कौतुकच होतं.

दुपारी सहज यादी खाली सरकवली. सतरा नंबरनंतर काही दिसेना. चौकशी करता कळलं की काल मी बाहेर असताना ताईने इस्त्री लावायला एक प्लग काढला होता. मग काळजीने परत लावला होता.

सतरा मापं आली आहेत. पंचवीस वाटेत असावीत.

१२ मार्च, बुधवार.

ताई सहा नंबरवर. पंचवीस अजून वाटेत.

वाट बघत बसण्यापेक्षा चॅट कंपनीला कळवलं. मदतीच्या पानावर यंत्र बोलतं. मी लिहिलं, माणूस आहे का? उत्तर आलं, तुमचा प्रश्न समजला, आणि खाली पासवर्ड बदलायची पद्धत. चाळीस मिनिटं विनवण्या केल्या. शेवटी म्हणे, आपण कायमचं बंद केलेलं खातं परत मिळत नाही.

कारण ४. एकदा सोडलं की परत घेत नाहीत. असल्या लोकांशी संबंध ठेवायचाच कशाला!

१३ मार्च.

ताई अकरावर. वेग चिंताजनक आहे. इतक्या घाईने कुणी काम करतं का?

ताईला सुचवलं की आधी सतरा पूर्ण शिवून काढ, मग पुढचं कापायला घे, शास्त्रीय पद्धत आहे. विचार करून म्हणाली, हो, तेही बरं. चार दिवस मिळाले. नियोजन म्हणतात ते हे. बटणंही आणली. रिक्षाने.

१५ मार्च, शनिवार.

मार्ग सापडला. आलेल्या सतरा मापांची सरासरी काढायची आणि तीच उरलेल्या पंचवीस जणींना द्यायची. छाती सव्वाचौतीस, बाही साडेआठ. एकसारख्या पंचवीस मुली. शिस्तीचं क्षेत्र आहे, शोभेल.

कागद टेबलावर विसरलो. काकूंनी उचलला. म्हणाल्या, अठरा नंबर म्हणजे तीच ना, दाराच्या चौकटीला डोकं आपटलेली? आणि एकोणीस तिची मैत्रीण, तिच्या खांद्याला लागत होती. दोघींना एकच उंची कशी रे? मी म्हटलं, हा कच्चा हिशोब आहे. काकू चष्म्यावरून बघत राहिल्या.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १२.

नर्सिंग शाळेच्या गेटवर गेलो होतो. कल्पना अशी की पोरी ये-जा करतील तेव्हा लांबूनच उंची तरी टिपून घ्यावी. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं: नाव, फोन नंबर, कुणाला भेटायचं, काय काम. वर फोटो काढणार म्हणे. इथेही पाळत! मी तत्त्व म्हणून नकार दिला. तो म्हणाला, मग तत्त्व घेऊन रस्त्यापलीकडे उभे राहा. पलीकडून उंची कळत नाही.

संध्याकाळी ६.

ताईने सतरावा गणवेश हँगरला लावला. कापड पसरलं, खडू घेतला, म्हणाली, लाव अठरा.

म्हटलं, कॉम्प्युटर तापलाय. म्हणाली, पंखा लावू? म्हटलं, नको. मग काय ते सांगून टाकलं.

तिने विचारलं, किती? म्हटलं, पंचवीस. कधीपासून? रविवारपासून. कालच्या? नाही, त्याच्या आधीच्या.

ताईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. सहा होत्या. ओरडली नाही. काकू गप्प बसल्या तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

भाऊजी आले, त्यांना कळलं. एवढंच म्हणाले, शास्त्रज्ञ, तो कॉम्प्युटर माळ्यावर बरा होता.

१८ मार्च. सकाळी ९.

ताईने रात्रीच मेट्रन बाईंना फोन केला. पोरी सातला ड्यूटीवर जातात, त्याआधी या, म्हणाल्या. पहाटे साडेपाचला आम्ही हजर. ताई आत मापं घेत होती, मी दाराबाहेर स्टुलावर वही घेऊन. आतून आकडे यायचे, मी लिहायचो. पेन्सिलने. चौदा पोरी झाल्या.

बाकी अकरा जणी ट्रेनिंगला लांबच्या आरोग्य केंद्रात आहेत, बावीसला परततील. बाई म्हणाल्या, त्यात काय, चॅटवर मागवा की, सगळ्या तिथेच असतात.

ताई म्हणाली, आमचं ते सध्या बंद आहे.

‘आमचं’ म्हणाली. मी मागेच उभा होतो. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी २. ताईला नवीन अकाउंट उघडून दिलं. त्यांनी विचारलं, संपर्क बघू का? होय. माइक? होय. ठिकाण? होय. अटी मान्य? एकवीस पानं होती, न वाचता मान्य. ही तडजोड नाही, आणीबाणी आहे.

वीस मिनिटांत अकराच्या अकरा मापं आली. तिथे टेप नव्हती, तर पोरींनी बँडेजची पट्टी गुंडाळून खुणा केल्या, मग पट्टी फूटपट्टीवर धरून आकडे सांगितले. मागे इतर पोरींचं हसणं ऐकू येत होतं. मी प्रत्येक आकडा दोनदा ऐकून वहीत उतरवला, मग तिसऱ्यांदा ताडून बघितला.

कारण ५ लिहायला घेतलं होतं. सुचलं नाही.

२३ मार्च, रविवार.

पाच दिवस रोजनिशीला वेळ नाही. ताई कापते, शिवते, काकू काजं करतात, मी बटणं. चार छिद्रांच्या बटणाला फुली घालायची, दोरा मागे तीनदा गुंडाळायचा. पहिल्या सहा शर्टांची काकूंनी उसवून परत लावली. सातव्याचं हातात घेऊन बघितलं आणि ठेवून दिलं. हे लिहून ठेवण्यासारखं वाटलं.

२४ मार्च, सोमवार.

बेचाळीस गणवेश वेळेत पोचले. मेट्रन बाईंनी मोजले, दोन-चार उलटून शिलाई बघितली. अठरा नंबरची उंच पोरगी घालून आली. तिला पायात बरोबर, खांद्यात बरोबर. ताईने तेव्हा कुठे श्वास सोडला. माझ्यापर्यंत ऐकू आला.

बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही तुम्हीच करा. फक्त मापं तेवढी जपा, दोनदा पोरींना उभं करणं बरं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि हे कोण, तुमच्याकडे शिवतात का?

मी बोलायला तोंड उघडलं. ताई म्हणाली, नाही हो, हा धाकटा भाऊ, गठ्ठे उचलायला आणलाय.

गठ्ठे चार होते. हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन फेऱ्यांत वर नेले. मध्ये कुठेही थांबलो नाही.