बंधाऱ्याचा दरवाजा आणि माझी खालची खोली

मी, खालच्या गल्लीत कपडे शिवणारी बाई, वय सत्तरीपार. डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कोणाच्याही दडपणाखाली नाही; पाण्याच्या धास्तीला कायदा दडपण म्हणत असेल, तर मात्र आहे. माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. याआधीचं रद्द समजावं.

शिलाई मशीन आणि दोन्ही कात्र्या मुलीला. मशीन कुरकुरतं, तीही कुरकुरते. दोघींनी जमवून घ्यावं. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी.

आमच्या माजी नगरसेवकाला काहीही नाही. पहिल्या पुरानंतर "एकदाच निवडणूक पुढे ढकलू, आधी जीव, मग मत," असं म्हणून त्याने गल्लीच्या सभेत आमच्याकडून हात वर करून घेतले. तेव्हा नगरपालिकेच्या जागी बसलेली आपत्ती समिती अजून उठायचं नाव घेत नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरजही सरत नाही आणि वैद्यही खुर्ची सोडत नाही.

आता घर. माझा मुलगा त्याच समितीत इंजिनिअर आहे. बंधाऱ्याचा दरवाजा कधी उघडायचा ते तो ठरवतो. उघडला की वरची वस्ती कोरडी राहते आणि पाणी आमच्या गल्लीत शिरतं. मी विषय काढला, तर म्हणाला, "आई, पाणी काही मतं बघून येत नाही गं."

"पाणी नाही बघत रे, दरवाजा उघडणारा बघतो. आम्हाला मत असतं, तर आधी विचारलं तरी असतंत."

तो भरल्या ताटावरून उठला. जाताना वरच्या वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी घेतली नाही. मुलगा वाईट नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

म्हणून हे घर मुलालाच देते, एका अटीवर. निवडणूक होईपर्यंत पुराच्या दिवसांत त्याने इथेच, खालच्या खोलीत झोपावं. अट मोडली तर घर मुलीचं.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. पोटचा पोर आहे. म्हणून पुरवणी: पाणी उंबऱ्याला लागलं की अट-बिट बघू नये, सरळ जिना चढावा. चढताना शेजारच्या म्हातारीला सोबत घ्यावं. तिला कोणी किल्ली दिलेली नाही.

सही: शिवणकामवाली
साक्षीदार: समोरचे सलूनवाले, कोपऱ्यावरच्या नर्सबाई
स्थळ: याच घराची वरची खोली, खालची अजून वाळलेली नाही
दिनांक: निवडणूक तिसऱ्यांदा पुढे गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी